न्यूयॉर्कला मुलांची सरकारी शाळा: आधी घराचा नंबर, मग भाडेकरार

प्रश्न थोडक्यात असा आहे: नवऱ्याची पुण्याहून न्यूयॉर्कच्या ऑफिसात बदली झाली आहे, ऑगस्टच्या सुरुवातीला पोहोचायचं आहे. मुलगी यंदा तिसरीत, मुलाला येत्या डिसेंबरात चार पूर्ण होतील. खासगी शाळेची फी झेपणार नाही, सरकारीच बघायची आहे. तर ‘चांगलं स्कूल डिस्ट्रिक्ट’ कोणतं, म्हणजे त्याच भागात घर बघता येईल?

हा शब्द बहुधा न्यू जर्सीतल्या नातेवाइकांकडून कानावर आला असावा. एडिसनसारख्या ठिकाणी एक टाउनशिप म्हणजे एक डिस्ट्रिक्ट. त्याचं स्वतःचं निवडून दिलेलं बोर्ड, घरपट्टीतून उभा राहणारा स्वतःचा पैसा. तिथे ‘डिस्ट्रिक्ट चांगलं’ म्हटलं की बहुतेक शाळा ठीक निघतात. न्यूयॉर्क शहरात हे गणित चालत नाही. इथे अख्ख्या शहराचं शिक्षण खातं एकच आहे: नऊ लाखांच्या आसपास मुलं, सोळाशेच्या घरात शाळा, वर एक चॅन्सेलर, म्हणजे खात्याचा प्रमुख, आणि एकच तिजोरी. खाली जी ३२ कम्युनिटी स्कूल डिस्ट्रिक्ट आहेत, ती मुंबई महापालिकेच्या वॉर्डांसारखी. वॉर्ड बदलला म्हणून तिजोरी बदलत नाही.

एके काळी या ३२ डिस्ट्रिक्टांना खरा अधिकार होता. १९६८ साली ब्रुकलिनमधल्या ओशन हिल-ब्राउन्सव्हिल भागात शाळेचा कारभार स्थानिक लोकांच्या हाती द्यायचा की नाही यावरून शिक्षकांचा मोठा संप झाला. पुढच्याच वर्षी राज्याने कायदा करून स्थानिक बोर्डं आणली. २००२ मध्ये कारभार महापौरांकडे गेला आणि ती बोर्डं बरखास्त झाली. आता डिस्ट्रिक्टला एक सुपरिंटेंडंट असतो आणि पालकांची एक परिषद, तिला सगळे सीईसी म्हणतात. या परिषदेच्या हातात ठोस असा अधिकार एकच उरलाय: शाळांच्या झोनच्या रेषा मंजूर करायच्या की नाही. ७५ आणि ७९ असे आणखी दोन क्रमांक दिसतील, पण ते नकाशावरचे भाग नाहीत. ७५ मध्ये जास्त मदत लागणाऱ्या दिव्यांग मुलांच्या शाळा येतात, ७९ मध्ये मोठ्या मुलांचे पर्यायी कार्यक्रम.

पहिली ते पाचवीच्या मुलासाठी सगळं अवलंबून असतं ते झोनवर. म्हणजे तुमच्या इमारतीचा नंबर कुठल्या शाळेच्या हद्दीत पडतो यावर. ही रेषा अनेकदा रस्त्याच्या मधोमध जाते, त्यामुळे सम नंबरांची घरं एका शाळेला आणि समोरची विषम नंबरांची दुसरीला, असं सर्रास होतं. आणि एकाच डिस्ट्रिक्टात शेजारच्या दोन शाळांमध्ये किती अंतर असू शकतं याचा नमुना हवा असेल तर अप्पर वेस्ट साइड बघा. डिस्ट्रिक्ट ३ मधल्या पी.एस. (पब्लिक स्कूल, म्हणजे सरकारी शाळा) १९९ आणि पी.एस. १९१ या शाळा नऊ-दहा ब्लॉकच्या अंतरावर. पहिलीत सुखवस्तू घरांतल्या मुलांची गर्दी, दुसरीत शेजारच्या सरकारी गृहसंकुलातली मुलं आणि रिकामी बाकं. नोव्हेंबर २०१६ मध्ये सीईसीने नव्या रेषा मंजूर केल्या आणि काही इमारती एका शाळेच्या झोनमधून दुसरीच्या झोनमध्ये गेल्या. ‘१९९ साठी’ म्हणून तिथे महागडं घर घेतलेल्यांनी किती आरडाओरडा केला असेल, सांगायला नको. तेव्हा दलालाच्या जाहिरातीत ‘अमुक शाळेच्या झोनमध्ये’ लिहिलं असेल तर ते कालचं असू शकतं, किंवा शेजारच्या गल्लीपुरतंच खरं असू शकतं.

झोन बघायचा तो असा. शिक्षण खात्याच्या संकेतस्थळावर शाळा शोधायचं पान आहे, तिथे पूर्ण पत्ता घाला: इमारतीचा नंबर, रस्ता आणि बरो, म्हणजे मॅनहॅटन, ब्रुकलिन असा शहराचा विभाग. नुसता झिपकोड किंवा वस्तीचं नाव घालून उपयोग नाही. नेट नसेल तर शहराच्या ३११ या मदत क्रमांकाला फोन करून तोच पत्ता सांगा. डिस्ट्रिक्ट १, ७ आणि २३, म्हणजे अनुक्रमे लोअर ईस्ट साइड, दक्षिण ब्रॉन्क्स आणि ब्राउन्सव्हिलचा भाग, इथे प्राथमिक शाळांना झोनच नाहीत. डिस्ट्रिक्टातल्या कुठल्याही शाळेसाठी अर्ज करायचा. बाकी भागातही मधूनच झोन नसलेल्या शाळा आहेत.

शाळेचं नाव सांगताना तिचा पूर्ण क्रमांक घ्या. पी.एस. ९ नावाची शाळा एकाहून जास्त बरोंमध्ये आहे, आणि गोंधळ झाला की अर्ज भलतीकडे जातो. प्रत्येक शाळेला सहा अक्षरांचा कोड असतो. पहिले दोन आकडे डिस्ट्रिक्टचे, मग बरोचं एक अक्षर, मग शाळेचा नंबर. उदाहरणार्थ १५के३२१: डिस्ट्रिक्ट १५, के म्हणजे ब्रुकलिन, शाळा ३२१. मॅनहॅटनला एम, ब्रॉन्क्सला एक्स, क्वीन्सला क्यू आणि स्टेटन आयलंडला आर. ब्रुकलिनला ‘के’ का, तर त्या काउंटीचं नाव किंग्ज आणि स्टेटन आयलंडचं रिचमंड. एकाच इमारतीत दोन-तीन शाळा असतात, कधी त्यातली एक चार्टर, म्हणजे सरकारी पैशावर पण स्वतंत्रपणे चालणारी शाळा असते. म्हणून इमारत बघून शाळा ओळखू नका.

आणखी एक सापळा क्वीन्सच्या पूर्व टोकाला आहे. फ्लोरल पार्क, बेलरोज, ग्लेन ओक्स या भागात भारतीय वस्ती दाट. शहराच्या हद्दीतली घरं डिस्ट्रिक्ट २६ मध्ये येतात आणि ते डिस्ट्रिक्ट चांगल्या गुणांसाठी प्रसिद्ध आहे. पण फ्लोरल पार्क नावाचं गाव हद्दीपलीकडे नासाऊ काउंटीतही आहे आणि न्यू हाइड पार्कचं तर टपालाचं नाव हद्दीच्या दोन्ही बाजूंना चालतं. रस्ता ओलांडला की शहराचं शिक्षण खातं संपलं. पलीकडे वेगळी डिस्ट्रिक्ट, वेगळा कर, वेगळे नियम. घराचा मालमत्ता कर कुठे जातो, न्यूयॉर्क शहराला की नासाऊला, एवढं विचारलं की उलगडा होतो.

झोन कळला म्हणजे जागा मिळाली असं नाही, आणि घर घेताना नेमकी इथेच फसगत होते. २०२२ मध्ये राज्याने वर्गातल्या मुलांच्या संख्येवर कायद्याने मर्यादा घातली: तिसरीपर्यंत २०, चौथी ते आठवी २३, नववीपासून पुढे २५. ती टप्प्याटप्प्याने लागू होते. कायदा चांगलाच आहे. पण ज्या शाळेत आधीच खोल्या नाहीत, तिथे २५ च्या वर्गात २० बसवायचे तर उरलेली पाच मुलं कुठे जाणार? झोनमध्ये राहूनही प्रतीक्षायादीत नाव, आणि जागा त्याच डिस्ट्रिक्टातल्या दुसऱ्या शाळेत, असं होतं. बालवर्गाला, म्हणजे किंडरगार्टनला, ही अडचण जास्त. कधीकधी वरच्या वर्गांतही येते. नदीकाठी नवे टॉवर उभे राहिले की शेजारची शाळा भरून वाहायला लागते. मॅनहॅटन एकाच स्टेशनावर आहे म्हणून लाँग आयलंड सिटीत घर बघणाऱ्यांनी हे आधी तपासावं.

तपासायचं म्हणजे फोन करायचा. शाळेत ‘पेरेंट कोऑर्डिनेटर’ हे पद असतं, पालकांशी बोलणं हेच तिचं काम. ‘तुमची शाळा चांगली आहे का’ असं विचारू नका. विचारायचं ते: सप्टेंबरला तिसरीत झोनमधल्या नव्या मुलीला जागा आहे का? गेल्या वर्षी झोनमधल्या किती मुलांना दुसरीकडे पाठवावं लागलं? आणि पाठवलं तर कुठल्या शाळेत? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर सर्वांत उपयोगी, कारण तुमची मुलगी प्रत्यक्षात जाईल ती शाळा कदाचित तीच. जुलै-ऑगस्टमध्ये शाळेत फोन उचलायला कुणी असेलच असं नाही, त्यामुळे हे फोन जूनच्या २६ तारखेच्या आत पुण्यातूनच करा. वर्ष साधारण तेव्हा संपतं. न्यूयॉर्कला सकाळचे नऊ म्हणजे आपल्याकडे संध्याकाळचे साडेसहा, तेव्हा जेवणाआधी काम होतं.

शाळेची पारख कशी करायची हाही प्रश्न आहेच. घरं विकणाऱ्या संकेतस्थळांवर दहापैकी आकडे दिसतात, ते बहुतांशी परीक्षेच्या गुणांवरून काढलेले. तिसरी ते आठवीला वसंतात राज्याची परीक्षा होते, मुलं १ ते ४ पातळ्यांत बसवतात, ३ म्हणजे इयत्तेइतकं येतं. या गुणांत शाळेइतकंच पालकांचं उत्पन्न आणि शिक्षण दिसतं. माझ्या मते दोन आकडे जास्त बोलके. एक, दीर्घ गैरहजेरी: वर्षाच्या १० टक्के किंवा जास्त दिवस न येणाऱ्या मुलांचं प्रमाण. ते जास्त असेल तर वर्गात सतत मागचं पुन्हा शिकवलं जातं. दुसरा, बालवर्गातल्या आणि पाचवीतल्या मुलांची संख्या. खाली पाच तुकड्या आणि वर तीन असतील तर पालक मधूनच मुलं काढून नेताहेत. का, ते विचारा. शहराचं ‘स्कूल क्वालिटी’ नावाचं पान आहे, त्यात हजेरी मिळते आणि शिक्षक-पालकांनी काय म्हटलंय तेही.

पैशाचंही एक वेगळंच आहे. २००७ पासून शहर शाळेला पैसे देतं ते मुलांच्या संख्येवर आणि गरजेवर. इंग्रजी शिकणाऱ्या, गुणांत मागे असलेल्या किंवा विशेष शिक्षण लागणाऱ्या मुलामागे जास्त. त्यामुळे श्रीमंत वस्तीतल्या शाळेला शहराकडून डोईमागे कमीच मिळतं, आणि तिथली पालक संघटना वर्गण्या काढून ते भरून काढते. पहिल्याच आठवड्यात तुमच्या हातात वर्गणीचा कागद पडला तर दचकू नका. ती ऐच्छिक असते. नाही दिली तर मुलीचं काही अडत नाही.

आता कागद. नोंदणीला मुलाच्या वयाचा पुरावा, राहत्या पत्त्याचे दोन पुरावे, लसीकरणाची नोंद आणि असलं तर मागच्या शाळेचं प्रगतिपुस्तक लागतं. व्हिसा कुठला, सोशल सिक्युरिटी नंबर आहे का, हे शाळेने विचारायचं नसतं. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९८२ च्या ‘प्लायलर विरुद्ध डो’ या निकालापासून इमिग्रेशनची स्थिती कशीही असली तरी सरकारी शाळेत प्रवेशाचा हक्क आहे.

अडतं ते पत्त्यावर. भाडेकरार हा एक पुरावा झाला. दुसरा म्हणून विजेचं, गॅसचं किंवा इंटरनेटचं बिल चालतं, पण ६० दिवसांच्या आतलं. पाण्याचं ९० दिवसांच्या आतलं. येऊन दहा दिवस झालेल्या माणसाकडे बिल कुठलं? बरेच जण कंपनीकडून लेटरहेडवर पत्र आणतात. ते चालत नाही. पगाराची पावती, जिच्यावर घराचा पत्ता छापलाय, ती चालते. म्हणजे नवऱ्याने पहिल्याच दिवशी एचआरच्या प्रणालीत नवा पत्ता भरायला हवा, नाहीतर पहिल्या पावतीवर कंपनीच्या सर्व्हिस अपार्टमेंटचा पत्ता छापून येतो. दुसरा सोपा मार्ग: घर ठरल्याच्या दिवशी विजेचं किंवा इंटरनेटचं खातं, करारावर ज्याचं नाव आहे त्याच्याच नावाने, उघडायचं. नातेवाइकांकडे किंवा पोटभाड्याने राहत असाल तर मूळ भाडेकरूचं नोटरीसमोर केलेलं शपथपत्र आणि त्याचा करार लागतो. वीज भाड्यात धरलेली असेल तर करारात तसं लिहून घ्या आणि दुसरा पुरावा वेगळा ठेवा.

एक फार महाराष्ट्रीय घोळ सांगतो. आपल्या शाळेच्या दाखल्यावर आडनाव आधी, मग मुलाचं नाव, मग वडिलांचं. कारकून ओळीतला पहिला शब्द ‘फर्स्ट नेम’ म्हणून भरतो आणि मुलगी वर्षभर ‘पाटील’ म्हणून हाक ऐकते. मग परीक्षेच्या नोंदी, बसचा पास, ग्रंथालयाचं कार्ड सगळीकडे तेच. नोंदणीला पासपोर्ट पुढे करा, दाखला मागे ठेवा, आणि संगणकात भरलेलं नाव तिथेच स्क्रीनवर वाचून घ्या. तारखेचंही तसंच: ०४/०९ म्हणजे आपली ४ सप्टेंबर, त्यांची ९ एप्रिल. लसीकरणाच्या कार्डावर ही चूक झाली तर डोस जन्माच्या आधी दिलेला दिसतो. डॉक्टरांकडून महिन्याचं नाव अक्षरांत लिहिलेला नवा तक्ता करून घ्या.

लसीकरणावर जरा जास्त लिहितो, कारण सप्टेंबरात मुलं घरी बसतात ती बहुतेक याच कारणाने. ‘आमच्या सगळ्या लसी झाल्यात’ हे खरं असतं, पण ते आपल्या वेळापत्रकाप्रमाणे. न्यूयॉर्क राज्याचा हिशेब वेगळा, आणि धार्मिक कारणाने मिळणारी सूट २०१९ मध्ये रद्द झाली आहे. तिसरीतल्या मुलीला लागतात: डीटीएपीचे, म्हणजे घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वाताच्या लसीचे, ५ डोस (चौथा डोस चार वर्षांनंतर झाला असेल तर ४ पुरतात), पोलिओचे ४ (तिसरा चार वर्षांनंतरचा असेल तर ३), एमएमआरचे (गोवर, गालगुंड, रुबेला) २, हिपॅटायटिस बीचे ३ आणि कांजिण्यांचे २.

कुठे अडतं ते बघा. आपल्या सरकारी कार्यक्रमात मिळते ती एमआर, म्हणजे गोवर आणि रुबेला. गालगुंडाची लस त्यात नाही. इथे गालगुंडही हवं. शिवाय आपल्याकडे पहिला डोस नवव्या महिन्यात देतात आणि इथे पहिल्या वाढदिवसाआधीचा डोस मोजत नाहीत. म्हणजे सरकारी केंद्रात एमआरचे दोन्ही डोस वेळेवर घेतलेल्या मुलीच्या खात्यात गोवराचा एक डोस आणि गालगुंडाचे शून्य. खासगी डॉक्टरकडे ९ महिने, १५ महिने आणि पाचव्या वर्षी एमएमआर झालं असेल तर काळजी नाही. कांजिण्यांची लस सरकारी कार्यक्रमात नाहीच. हिपॅटायटिस बीचा शेवटचा डोस बाळ २४ आठवड्यांचं झाल्यानंतरचा हवा. आपल्याकडे पेंटाव्हॅलंट, म्हणजे हिपॅटायटिस बी धरून पाच रोगांवरची एकत्र लस, चौदाव्या आठवड्यातच संपते. दीड वर्षाला हेक्साव्हॅलंटचा बूस्टर झाला असेल तर तो इथे कामी येतो.

पोलिओची गंमत आणखी निराळी. एप्रिल २०१६ मध्ये जगभर तीन प्रकारच्या विषाणूंवरचे तोंडी थेंब बंद होऊन दोन प्रकारांवरचे सुरू झाले. अमेरिकेत तीनही प्रकारांवरची लसच मोजतात. त्यामुळे तुमच्या मुलांनी पल्स पोलिओला कितीही वेळा थेंब घेतले असले तरी ते सगळे शून्य. पूर्ण मात्रेचं आयपीव्हीचं इंजेक्शन असेल तर वाद नाही. बीसीजी, टायफॉइड आणि जपानी मेंदूज्वर यांची इथे विचारणा नसते.

म्हणून मे महिन्यात पुण्यातच बालरोगतज्ज्ञांसमोर कार्ड ठेवा आणि राहिलेलं तिथेच भरून काढा. एमएमआर आणि कांजिण्या या जिवंत विषाणूंच्या लसी: एकाच दिवशी द्याव्यात, नाहीतर मध्ये किमान २८ दिवस हवेत. विमानाच्या आधल्या आठवड्यात जाग आली तर हे २८ दिवस आड येतात. इकडे आल्यावर करायचं ठरवलं तर नवऱ्याच्या कंपनीचा आरोग्य विमा कधीपासून लागू आहे ते बघा, कारण ऑगस्टच्या शेवटी सगळ्या बालरोगतज्ज्ञांकडे रांग असते. डोस अपुरे असताना शाळा १४ दिवस बसू देते. राज्याबाहेरून किंवा परदेशातून आलेल्यांना, पुढची भेट ठरल्याचा कागद दाखवला तर, ३० दिवसांपर्यंत. त्यानंतर मूल घरी. गोवर, गालगुंड, रुबेला, कांजिण्या आणि हिपॅटायटिस बी यांची प्रतिकारशक्ती रक्ततपासणीने सिद्ध झाली तर तो अहवाल चालतो. मुलाला बालवाडीसाठी आकडे कमी आहेत, पण त्यात हिब, न्यूमोकोकल आणि पाचाखालच्यांसाठी दर वर्षीची फ्लूची लस धरलेली आहे. याशिवाय सीएच-२०५ नावाचा वैद्यकीय तपासणीचा फॉर्म इथल्या डॉक्टरकडून भरून घ्यावा लागतो.

इयत्तेचा प्रश्न तुमच्या बाबतीत सोपा आहे. न्यूयॉर्क शहरात जन्माच्या कॅलेंडर वर्षावर इयत्ता ठरते: ज्या वर्षी पाच पूर्ण होतात त्या सप्टेंबरात किंडरगार्टन, सहा पूर्ण होतात त्या वर्षी पहिली. महाराष्ट्रातही आता पहिलीसाठी ३१ डिसेंबरला सहा पूर्ण, अशीच अट आहे. त्यामुळे तिथे तिसरी, तर इथेही तिसरी. जूनपासून गिरवलेलं थोडं पुन्हा येईल एवढंच. हुशार आहे म्हणून चौथीत बसवा, असा आग्रह धरू नका. शाळा सहसा वयावरून हलत नाही, आणि वर्षभराने लहान मुलगी नव्या देशात वरच्या वर्गात टाकणं फायद्याचं नसतं. न्यू जर्सीत गेलात तर मात्र तारीख बहुतेक ठिकाणी १ ऑक्टोबरची, आणि डिसेंबरातला मुलगा तिथे एक वर्ष मागे पडतो. जर्सी सिटीत राहून मॅनहॅटनला जाणारी मराठी कुटुंबं पुष्कळ आहेत, त्यांच्या मुलांची वर्षं अशीच एकमेकांशी जुळत नाहीत.

नोंदणीच्या दिवशी घरची भाषा विचारणारा फॉर्म भरायचा असतो. ‘मराठी लिहिलं तर मुलीला मागच्या बाकावर टाकतील’ या भीतीने लोक ‘फक्त इंग्रजी’ लिहून मोकळे होतात. तसं करू नका. मराठी लिहिलं की मुलीशी बोलून बघतात आणि गरज वाटली तर दहा शालेय दिवसांच्या आत इंग्रजीची चाचणी घेतात. पुण्यात इंग्रजी माध्यमात शिकलेली मुलगी बऱ्याचदा ती पार करते आणि विषय तिथेच संपतो. नाही केली तर जादा शिक्षकाची मदत मिळते, तीही फुकट. सेमी इंग्रजीतल्या मुलांना ती पहिल्या वर्षी फार उपयोगी पडते. गणिताची आकडेमोड येत असते, पण शाब्दिक उदाहरणातलं इंग्रजी अडवतं.

मुलासाठी प्री-के, म्हणजे किंडरगार्टनच्या आधीचं वर्ष. शहरात चार वर्षांच्या प्रत्येक मुलाला फुकट जागा द्यायची असं धोरण आहे, पण ती कुठे असेल ते ठरलेलं नाही. सरकारी शाळेत मिळेल किंवा शहराशी करार केलेल्या एखाद्या केंद्रात. दिवस ६ तास २० मिनिटांचा, म्हणजे दुपारी अडीचच्या आसपास सुटी. पुढचा सांभाळ तुमच्या खर्चाने. अर्ज ‘मायस्कूल्स’ या संकेतस्थळावर हिवाळ्यात होऊन गेलेले असतात, त्यामुळे ऑगस्टमध्ये आलेल्यांनी उरलेल्या जागा बघायच्या आणि हव्या त्या ठिकाणी प्रतीक्षायादीत नाव घालायचं. बहिणीच्याच शाळेचा हट्ट यंदापुरता सोडा. किंडरगार्टनचा अर्ज लगेच डिसेंबर-जानेवारीत येतो आणि तिथे झोन आणि सख्खं भावंड या दोन्हींचं प्राधान्य मिळतं. प्री-के अमुक शाळेत केलं म्हणजे किंडरगार्टनही तिथेच, असं नसतं. त्यामुळे हा अर्ज चुकवू नका.

मुलीची नोंदणी शाळा उघडी असेल तर थेट झोनच्या शाळेत होते, उन्हाळ्यात ‘फॅमिली वेलकम सेंटर’ या शिक्षण खात्याच्या नोंदणी कचेरीत. ऑगस्टच्या शेवटी तिथे तासन्‌तास बसावं लागतं, म्हणून कागद हातात आले की त्याच आठवड्यात जा. एकदा नाव लागलं की शहरातल्या शहरात घर बदललं तरी त्या शाळेच्या शेवटच्या इयत्तेपर्यंत ती राहू शकते.

बसबद्दल फार आशा ठेवू नका. दुसरीपर्यंत अर्धा मैल, तिसरी ते सहावी एक मैल, यापेक्षा घर लांब असेल आणि त्या शाळेला बस असेल तरच पिवळी बस. झोनची शाळा सहसा चालत जाण्याइतकीच असते. दुपारचं जेवण २०१७ पासून सगळ्यांना फुकट आहे आणि शाकाहारी पदार्थ रोज असतात, पण ते बीन्स, चीज आणि पिझ्झाच्या चालीचं. डबा चालतो. शेंगदाण्याचं कूट घातलेलं काही देण्याआधी वर्गात कुणाला अ‍ॅलर्जी आहे का ते विचारा. दिवाळीला २०२४ पासून सुटी मिळते. गणपतीला नाही.

भारतवारीचं आधीच ठरवा. डिसेंबरच्या सुटीला पुढे-मागे दोन-दोन आठवडे जोडून पाच आठवडे पुण्याला जायचं, हा इथल्या आपल्या लोकांचा ठरलेला बेत. शाळेचे दिवस १८० च्या आसपास, आणि १८ बुडाले की मूल ‘दीर्घ गैरहजर’ गटात. सहल हे रजेचं मान्य कारण धरत नाहीत. मुख्याध्यापिका समजूतदार असली तरी तिच्या शाळेचा आकडा बिघडतो, आणि मग घरी फोन येतात. जूनच्या शेवटापासून सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत दोन महिने मोकळे असतात. पावसाळा असला तरी तेव्हाच जा.

डिस्ट्रिक्टचा क्रमांक खऱ्या अर्थाने लागतो तो पाचवीत. सहावीच्या शाळांसाठी अर्ज करता येतो तो तुम्ही राहता त्या डिस्ट्रिक्टात किंवा मूल ज्या डिस्ट्रिक्टात प्राथमिक शाळेत जातं तिथे. म्हणजे आत्ताच्या घराचा निर्णय दोन वर्षांनी पुन्हा समोर येतो. झोनची शाळा आवडली, पण त्या डिस्ट्रिक्टात सहावीनंतरच्या शाळा पसंत नाहीत, तर करार एका वर्षाचाच करा. वाचन शिकवण्याची पुस्तकमालाही २०२३ पासून तीनपैकी एक अशी सुपरिंटेंडंटने डिस्ट्रिक्टनिहाय निवडली आहे, तेवढा एक फरक धरायला हरकत नाही.

हायस्कूलला, म्हणजे नववीपासून, पुन्हा सगळं शहर खुलं. तिथे बारा पसंती लिहायच्या आणि वाटप संगणक करतो. ही पद्धत आखणाऱ्यांपैकी अर्थतज्ज्ञ अल्विन रॉथ यांना अशाच जुळवणीच्या कामासाठी २०१२ चं नोबेल मिळालं. तिचा मथितार्थ असा की पसंतीक्रम मनापासून लिहिणंच फायद्याचं. ‘पहिली मिळणार नाही म्हणून दुसरी वर लिहू’ ही आपली अकरावीच्या प्रवेशातली चलाखी तिथे फक्त नुकसान करते.

पुण्याच्या शाळेतून शाळा सोडल्याचा दाखला आणि मागच्या दोन वर्षांची प्रगतिपुस्तकं घ्या, श्रेणींचा अर्थ सांगणारा तक्ता मागच्या पानावर नसेल तर मुख्याध्यापकांच्या सहीने वेगळा मागा. न्यूयॉर्कला दाखला बंधनकारक नाही, प्रत दाखवली तरी पुरते. मूळ दाखला कुणाच्याही हाती सोडू नका. दोन-तीन वर्षांनी परत आलात तर तो शोधावा लागेल, आणि तोपर्यंत तो तुमच्याच फाइलीत, प्लास्टिकच्या पाकिटात असलेला बरा.